कापसाच्या हाताने लोकर कातताना

मराठवाड्यात कातणं म्हटलं की कापूसच आठवतो. वाती वळायची सवय, शाळेत कार्यानुभवाच्या तासाला फिरवलेली टकळी, राष्ट्रध्वजाचं कापड विणणारी नांदेडची खादी समिती, सगळं कापसाचं. त्यामुळे रंगीत लोकर पहिल्यांदा हातात आली की बोटं कापसाचीच चाल धरतात आणि अर्ध्या तासात दोनपैकी एक फजिती ठरलेली. एक तर लोकर पेळूतून (कातायला घेतलेल्या पिंजलेल्या गुंडाळीतून) सुटतच नाही, नाहीतर सुटते पण सूत इतकं पिळलं जातं की ताण सैल केल्याबरोबर ते स्वतःभोवतीच वेटोळी घालतं. पुढचं सगळं ४०० ग्रॅम रंगवलेल्या लोकरीच्या एका खेपेचं आहे. तिचं दुपदरी सूत काढलं आणि त्या सुताचा बिनबाह्यांचा स्वेटर विणला. जिथे कापसाची सवय आडवी येते तिथे थोडं थांबून लिहिलं आहे.

आधी लोकर कोणती घ्यायची ते. आपल्याकडच्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर बहुतेक काळी-करडी आणि जाडीभरडी असते. घोंगडीला ती उत्तम, पण अंगालगत घालायच्या स्वेटरला नको. तंतू जाडीला साधारण ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेला की तो वाकत नाही, त्वचेला टोचतो. शिवाय तिच्यात मधे मधे जे खरखरीत, पोकळ केस असतात ते रंग नीट धरत नाहीत, म्हणून गडद रंगातसुद्धा फिकट कुसळं चमकत राहतात. हात बसवायला मात्र ती स्वस्त आणि सोशिक आहे. (उस्मानाबादी शेळीचे केस चालतील का, हा प्रश्न इकडे हमखास येतो. नाही चालत. ती मांसाची शेळी, तिच्या अंगावर लोकर नसते.) स्वेटरसाठी आम्ही मेरिनो या मऊ लोकरीच्या मेंढीचा रंगवलेला टॉप घेतला. पिंजून, विंचरून सगळे तंतू एका दिशेला लावलेला मनगटाएवढा जाड सैल दोर म्हणजे टॉप. तो १०० ग्रॅमच्या वेण्या घालून विकतात. आम्ही चार वेण्या घेतल्या, मरून, हळदी आणि मोरपंखी रंगांचे पट्टे एकाआड एक असलेल्या.

गावातल्या दुकानात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, हे माहीत असलेलं बरं. टॉप घेतानाही शंका आली तर चार तंतू चिमट्यात धरून जाळावेत. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक मणी होऊन बसतो.

चारच वेण्या का, तर हिशेब उलटा केला म्हणून. स्वेटरचा घेर १०० सेंटिमीटर, उंची ६२. आठ नंबरच्या म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटिमीटरला २० टाके आणि २७ ओळी बसाव्यात एवढं जाड सूत हवं होतं. अशा विणीत एका टाक्याला पावणेदोन सेंटिमीटरच्या आसपास सूत जातं. पाठ, पोट, गळा आणि बगलेच्या पट्ट्या धरून ६०० ते ६५० मीटर. या जाडीचं दुपदरी सूत १०० ग्रॅमला २०० मीटरच्या आसपास निघतं, म्हणजे ३२५ ग्रॅम. त्यावर कचरा, नमुना, शेवटी एका रिळावर उरणारं एकपदरी आणि हाताची चूक यांसाठी ७५ ग्रॅम. हाताने रंगवलेली वेणी पुन्हा तशीच मिळत नसते, तेव्हा इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

दुपदरी ६५० मीटर हवं तर एकपदरी १३०० मीटर लागणार, आणि दोन पदर एकमेकांवर वळताना लांबीत सात-आठ टक्के जातात, म्हणून १४००. टकळीवर आमचा वेग तासाला ४५ मीटर पडला. म्हणजे नुसतं कातायला ३१ तास, दुपदरी करायला आणखी आठ-नऊ. रोज एक तास धरला तर श्रावणात सुरू केलेलं काम दसऱ्याच्या आसपास सुयांवर येतं. परभणीकडे थंडी पडते ती मार्गशीर्ष-पौषात, तेव्हा विणायलाही वेळ उरतो.

कापसाची शाळेतली टकळी, ती तारेची, पितळी चकतीची, इथे उपयोगाची नाही. ती फार हलकी असते, भरभर फिरते आणि लोकरीला नको एवढा पीळ भरते. लोकरीला सावकाश आणि जास्त वेळ फिरणारी टकळी हवी. काठी २८ ते ३० सेंटिमीटर, चकती रुंद आणि एकूण वजन ३० ग्रॅमच्या जवळ. चकती रुंद असली की वजन कडेला जातं आणि फिरकी टिकते. कातारी असेल तर तो लाकडाची करून देतो. नसेल तर दोन जुन्या सीडी एकमेकींवर ठेवायच्या, मधल्या भोकात रबराचं बुश बसवायचं, त्यातून गोल काठी घट्ट घालायची आणि वरच्या टोकाला पडद्याचा स्क्रूचा आकडा फिरवून बसवायचा. दोन सीडींचे ३० ग्रॅम, काठी धरून चाळीसच्या आसपास, तेही चालतं. काठी चकतीच्या बरोबर मधून गेली नाही किंवा आकडा काठीच्या मध्यावर नसेल तर टकळी डुगडुगते आणि फिरकी लवकर मरते. शहाबादी फरशीवर दोनदा पडली की आकडा वाकतोच, म्हणून खाली सतरंजी टाकून बसावं किंवा उभं राहावं. पेटी चरखा घरात असेल तर मोह होतो, पण त्याचं चक्र चातीला, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या सळईला, इतकं वेगाने फिरवतं की नवख्या हाताला लोकर ओढायला सवडच मिळत नाही.

वेणी सोडली की पहिली परीक्षा रंगाची. पांढऱ्या सुती कपड्याचा तुकडा ओला करून मरून भागावर चोळला. कपड्यावर गुलाबी डाग आला. असा रंग पुढे कातताना बोटांना लागतो आणि धुताना हळदी भागावर उतरतो. कारण बहुतेक एकच असतं, रंग बसायला आंबटपणा किंवा आच कमी पडलेली असते. ती वेणी पाण्यात भिजवून, १०० ग्रॅम लोकरीला चार मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्यात बुडवून, हलकेच पिळून, इडलीपात्रात जाळीवर ठेवून अर्धा तास वाफवली आणि तशीच थंड होऊ दिली. (ते इडलीपात्र पुन्हा इडलीला वापरायचं नाही.) दुसऱ्यांदा चोळल्यावर कपडा कोरा राहिला. गरम लोकर गार पाण्यात घालणं आणि ओली लोकर चोळणं ही दोन्ही पापं आहेत. तिथल्या तिथे तिचा नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून घट्ट थर बनतो.

घरी रंगवणाऱ्यांसाठी एकच टीप. आपलं बोअरचं पाणी जड असतं. त्यात साबणाचा साका बसतो आणि लोह जास्त असेल तर पिवळे रंग मळकट होतात. पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरलं तर तुरटी लावून डाळिंबाच्या सालीत काढलेला पिवळा स्वच्छ येतो. हळदीचा रंग पहिल्या दिवशी फार देखणा दिसतो, पण उन्हात उडतो. स्वेटरला ती नकोच.

रंगवताना टॉप दाबला जातो, तंतू एकमेकांना चिकटतात. वेणीतून निघालेला दोर हाताला फळीसारखा लागतो. तो तसाच कातायला घेतला तर ओढताना गठ्ठ्याने सुटतो आणि सूत सापाने बेडूक गिळल्यासारखं दिसतं. म्हणून आधी आडवा उलगडायचा. दोन्ही हातांनी कडा धरून रुंदीला ताणत जायचं, जाळीसारखा पसरेपर्यंत. मग वीतभर अंतरावर धरून लांबीला हळूच ताणायचं, तंतू सरकल्याचं जाणवलं की थांबायचं, तोडायचं नाही. गडद रंगाचा भाग जास्त कडक असतो, कारण त्यात रंग जास्त आणि बहुधा उकळीही जास्त. आमच्या वेणीत मरूनला हळदीपेक्षा दुप्पट वेळ लागला. तो दिला नाही तर रंग बदलतो तिथे नेमकी सुताची जाडीही बदलते, आणि विणल्यावर ती आडव्या पट्टीसारखी दिसते.

आता वेणी फाडायची कशी. कापडाचे पट्टे कसे पडणार हे इथेच ठरतं, सुयांवर नाही. आमच्या टॉपमध्ये एका रंगाचा पट्टा साधारण ३० सेंटिमीटरचा होता. चार मीटरच्या वेणीचं वजन १०० ग्रॅम, म्हणजे एका पट्ट्यात साडेसात ग्रॅम. वेणी उभी फाडून दोन सारखे भाग केले तर प्रत्येकात एका रंगाचे पावणेचार ग्रॅम येतात आणि त्याचं १६ मीटर एकपदरी सूत होतं. १०० टाक्यांच्या एका ओळीला पावणेदोन मीटर जातं. म्हणजे हा रंग आठ-नऊ ओळी चालणार, तीन सेंटिमीटरचा पट्टा. तोच अर्धा भाग आणखी उभा चार पट्ट्यांत फाडला तर एका रंगाचं चारच मीटर येतं आणि दोन-सव्वादोन ओळींत रंग बदलतो.

आम्ही दोन्ही केलं. प्रत्येक वेणीचा अर्धा भाग अखंड कातला, दुसरा चार पट्ट्यांत फाडून एकामागून एक कातला, आणि हे दोन पदर एकत्र वळले. एका पदरात रंग संथपणे बदलतो, दुसऱ्यात पटापट. कधी दोन्ही पदर मरून येतात आणि गडद पट्टा पडतो, कधी मरूनवर हळदी येतो आणि दुरंगी दोरी होते. दोन्ही पदरांत रंग जुळवायचा हट्ट धरला असता तर पहिल्या तुटीलाच तो मोडला असता. या पद्धतीत जुळायचं काही नसतंच, म्हणून सूत तुटलं तरी काही बिघडत नाही. ज्यांना स्वच्छ, एकरंगी पट्टेच हवेत त्यांनी एकाच एकपदरी सुताची साखळी करत तिपदरी वळावं. रंग शेजारी शेजारी राहतात, पण सूत जाड होतं आणि लांबी एक तृतीयांशावर येते. तेव्हा एकपदरी त्या मानाने बारीक हवं.

चारही वेण्यांचे पट्टे फाडून झाल्यावर ते वेगवेगळ्या पिशव्यांत, कोणत्या टोकाने सुरुवात करायची ती खूण बांधून ठेवले. दुसऱ्या वेणीला उलट्या टोकाने सुरुवात झाली तर रंगांचा क्रम उलटतो. ते विणताना दिसतं आणि तेव्हा उपाय उरत नाही.

कातायला बसताना टकळीला अर्धा मीटर तयार लोकरीचा दोरा बांधायचा, चकतीवरून वर आणून आकड्यात अडकवायचा आणि त्याच्या मोकळ्या टोकावर लोकरीचे थोडे तंतू पसरून घ्यायचे. टकळी घड्याळाच्या दिशेनेच फिरवायची, सगळ्या खेपेत. वाटलं तर चकतीवर खडूने बाण काढावा. मधेच एकदा उलट फिरवली की आधीचा पीळ सुटतो आणि टकळी खाली येते.

कापसाची सवय पहिल्यांदा नडते ती इथे. कापसाचा तंतू अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे दोन हातांची बोटं जवळ असली तरी पेळू सुटतो. मेरिनोचा तंतू सात ते दहा सेंटिमीटर. हात चार बोटांच्या अंतरावर धरले तर एकाच तंतूची दोन्ही टोकं दोन हातांत येतात आणि मग कितीही जोर लावा, लोकर हलत नाही. जोर लावणं हीच चूक. मागचा हात दहा-बारा सेंटिमीटर मागे न्या, पकड सैल करा, तंतू आपोआप सरकतील. मागच्या हातात टॉप चिमणीचं पिल्लू धरल्यासारखा धरायचा. मूठ आवळली की घामाने आणि दाबाने त्याचा पुन्हा गठ्ठा होतो. पुढच्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने पीळ अडवून धरायचा, दोन-अडीच सेंटिमीटर पुढे ओढायचं, मग बोटं सुतावरून मागे सरकवत पीळ आत सोडायचा. ओढ, सरक, ओढ, सरक. पीळ बोटांच्या पलीकडे मागच्या हातापर्यंत पळाला की ओढणं संपलं. तिथे सूत उलट फिरवून पीळ काढल्याशिवाय गत्यंतर नाही.

नवीन हाताला फिरकी आणि ओढ दोन्ही एकदम जमत नाही. तेव्हा टकळी फिरवून पीळ साठवायचा, ती दोन गुडघ्यांत धरायची आणि साठलेला पीळ थोडा थोडा सोडत ओढायचं. वेग निम्म्यावर येतो, पण सूत तुटत नाही. पाच-सहा ग्रॅम झाले की टकळी हवेत सोडायला हरकत नाही.

दुसरी सवय पिळाची. कापसाचं बारीक सूत भरपूर पीळ मागतं, नाहीतर तुटतं. लोकर तशी नाही. तिच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो, त्यावर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात, म्हणून कमी पिळातही सूत धरतं. आमच्या जाडीला अडीच सेंटिमीटरमागे पाच-सहा वेढे पुरले. मोजत बसायची गरज नाही. ताजं कातलेलं हातभर सूत मधोमध दुमडून सोडायचं, दोन पदर आपोआप एकमेकांवर वळतात. तो वळलेला तुकडा म्हणजे पुढे होणारं दुपदरी सूत. मणी ओवल्यासारखा, भरीव आणि मऊ दिसला तर ठीक. तारेसारखा कडक झाला तर पीळ जास्त, मधे फटी दिसल्या तर कमी. असा एक चांगला तुकडा आणि त्याशेजारी एकपदरी सुताचा तुकडा पुठ्ठ्यावर चिकटवून समोर ठेवला आणि दर दहा मिनिटांनी सूत त्याच्याशी ताडून पाहिलं. पट्टीवर अडीच सेंटिमीटरमध्ये एकपदरीचे १८ ते २० वेढे शेजारी शेजारी बसावेत, दुपदरीचे ११-१२. दुमडून बघायचं ते ताजं सूतच. कालच्या कुकडीतला (टकळीवर गुंडाळलेल्या सुतातला) पीळ बसून गेलेला असतो, तो कमी असल्यासारखा भासतो.

सूत तुटलं की तुटलेलं टोक बघावं. पिसासारखं लांब, विरळ झालेलं असेल तर पीळ पोचण्याआधीच ओढलं, म्हणजे पीळ कमी. तटकन तोडल्यासारखं आखूड असेल तर ती जागा बारीक होती आणि तिथे पीळ साचला होता. पिळाचा स्वभावच असा की तो बारीक जागी धावतो आणि जाड जागा तशीच मोकळी सोडतो. त्यामुळे जाडबारीक सुतात बारीक भाग दोरीसारखा कडक होतो आणि जाड भाग फुसका राहतो. पुढे स्वेटरवर गोळे येतात ते याच फुसक्या जागी. गुठळी आली तर तिच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून पिळाच्या उलट फिरवायचं, गुठळी फुगते, मग हळूच ओढून बारीक करायची. प्रत्येक गुठळीसाठी मात्र थांबू नये. दोन पदर वळताना निम्म्या गुठळ्या झाकल्या जातात.

तुटलेलं जोडताना गाठ मारायची नाही. सुताचं टोक बोटभर उसवून पिसारायचं, त्यावर ताजे तंतू आठ-दहा सेंटिमीटर आच्छादायचे आणि पीळ सोडायचा.

कुकडी टकळीवर शंकूसारखी चढवावी, चकतीजवळ जाड आणि वर निमुळती. वीस ग्रॅम झाले की आम्ही उतरवून घेतली. त्यापुढे टकळी जड होते आणि तेच हात नकळत जाड सूत कातू लागतात. वीस ग्रॅमचं ८५ मीटरच्या आसपास सूत होतं. ते पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून वेणीचा नंबर आणि पदर लिहून ठेवलं.

हवा हा मराठवाड्यातला वेगळाच विषय. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल शोषते आणि तरी हाताला कोरडी लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ती बरीचशी ओल सोडते, तंतूंवर स्थिर वीज येते, ते एकमेकांपासून उडतात, बाहीला आणि पदराला चिकटतात, सूत केसाळ होतं. उपाय साधा. सकाळी लवकर बसावं, बाटलीने पाण्याचा बारीक फवारा टॉपवर नाही तर हवेत मारावा, कूलर चालू असेल तर त्या खोलीत पण झोताबाहेर बसावं. पंखा मात्र बंद. पावसाळ्यात ही कटकट नसते, म्हणूनही श्रावण बरा. वजनाची एक गोम आहे. उन्हाळ्यात १०० ग्रॅम भरलेली वेणी भाद्रपदात सहा-सात ग्रॅम जास्त भरू शकते. दोन पदरांना सारखी लोकर वाटून घ्यायची असेल तर एकाच दिवशी, एकाच बैठकीत तोलावी.

आणि कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. कातायला दोन महिने लागणार असतील तर उघडी टोपली नको. कडुलिंबाचा पाला घालायची पद्धत आहे, तो घालावा, पण घट्ट झाकणाचा डबा त्याहून खात्रीचा. टॉपमध्ये बारीक जाळी किंवा पिठासारखा भुगा दिसला तर पिशवीत बांधून तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी, बाहेर काढून एक दिवस राहू द्यावी आणि पुन्हा तीन दिवस.

दुपदरी वळायला जरा जड टकळी घेतली, ५० ग्रॅमची. दोन नळ्या खोक्यात आडव्या सळयांवर बसवल्या, दोन्ही पदर कपाच्या कानातून एकत्र घेतले आणि टकळी घड्याळाच्या उलट फिरवली. दोन्ही पदरांवर ताण सारखा हवा. एक सैल सुटला तर तो दुसऱ्या भोवती सापासारखा चढतो, दोन पदर एकमेकांवर वळत नाहीत. कातताना भरलेल्या पिळाच्या साधारण दोन तृतीयांश पीळ उलटा द्यायचा. हातभर दुपदरी सूत दोन्ही टोकं जवळ आणून सैल सोडलं की ते शांतपणे लोंबकळावं. कातण्याच्या दिशेने वेटोळलं तर पीळ जास्त, दुपदरी वळण्याच्या दिशेने वेटोळलं तर कमी. कातून चार-आठ दिवस झाले असतील तर हा अंदाज चुकतो, कारण पीळ झोपलेला असतो. म्हणून पुठ्ठ्यावरच्या तुकड्याशीच ताडून पाहावं. किंचित जास्त झाला तर फिकीर नाही, धुतल्यावर थोडा उतरतो.

एकपदरीच विणलं तर काय बिघडतं, असं विचारतात. एकाच दिशेच्या पिळाने सगळे टाके एका बाजूला कलतात, पाठ-पोट चौकोनी न राहता तिरपं होतं. मफलरीत खपून जातं, स्वेटरला बगलेची शिवण फिरून पोटावर येते.

सुताची लड करायला प्लंबिंगच्या दुकानातली अर्ध्या इंची पीव्हीसी पाईप आणि टीच्या आकाराचे दोन जोड पुरतात. मधे एक दांडी, दोन्ही टोकांना एकमेकांना काटकोनात आडव्या भुजा. एक फेरा किती होतो ते टेपने मोजून पाईपवरच लिहून ठेवलं, आमचा १५० सेंटिमीटर. फेरे मोजले की लांबी मिळते. चार ठिकाणी सुती दोऱ्याने आठच्या आकड्यासारखे सैल बंद घातले. घट्ट बांधले तर त्या जागी पाणी पोचत नाही आणि लडीवर डाग राहतो.

धुणं म्हणजे नुसता मळ काढणं नव्हे, सूत खरं इथेच तयार होतं. हात सोसेल एवढ्या गरम पाण्यात रिठ्याचं पाणी किंवा थोडं सौम्य लिक्विड घालून लडी वीस मिनिटं बुडवून ठेवल्या, न चोळता, न ढवळता. नंतर तेवढ्याच गरम साध्या पाण्यात दोनदा, आणि शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर, बोअरच्या पाण्याचा साका आणि साबणाचा अंश निघावा म्हणून. टॉवेलात गुंडाळून पाणी काढलं, लड दोन्ही हातांत ताणून दोनचार झटके दिले आणि सावलीत काठीवर टाकली, खाली वजन न लटकवता. वजन लावलं तर सूत ताणलेलंच वाळतं, सरळ दिसतं आणि पहिल्या धुण्यात स्वेटर आटतो. वाळल्यावर फेऱ्यांची लांबी पुन्हा मोजली, सहा टक्के कमी भरली, आणि सूत चांगलं फुगलं. हिशेब या दुसऱ्या मोजणीवरच करायचा. चार वेण्यांतून ३८० ग्रॅम, ७४५ मीटर.

नमुना धुतलेल्या सुताचाच, २४ टाके, ३२ ओळी, आणि तो नमुनाही धुऊन, वाळवून मोजायचा. आमचा आला १० सेंटिमीटरला १९ टाके. म्हणजे सूत ठरवल्यापेक्षा किंचित जाड. सुई बदलून साडेतीनची करता आली असती, पण विण ताठ झाली असती. म्हणून टाकेच कमी केले. समोर ९५ अधिक कडेचे दोन. बॉर्डर दहा नंबरच्या सुयांवर, एक सुलट एक उलट, सहा सेंटिमीटर.

हाताचं सूत कितीही जपलं तरी पहिली आणि शेवटची लड सारखी नसते, हात महिन्याभरात सुधारतो. म्हणून दोन लडींचे गुंडे शेजारी ठेवून दोन-दोन ओळी आलटून पालटून विणल्या. रंगही मिसळतो, जाडीतला फरकही. गुंडा संपला की दोन्ही टोकं बोटभर उसवायची, ओली करायची, एकमेकांवर ठेवून तळहातांत जोराने चोळायची. खवले अडकून जोड पक्का होतो. मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर असेल तर हा जोड बसत नाही, तिचे खवले झाकलेले किंवा काढलेले असतात. तिथे टोक सुईने आत ओवावं.

पाठीला २८५ मीटर गेलं, पोटाला गळ्यामुळे थोडं कमी. पट्ट्या आणि शिवण धरून १०० मीटरच्या आत सूत उरलं. त्यातलं वीस मीटर पुठ्ठ्यावर, नमुन्याच्या तुकड्याशेजारी गुंडाळून स्वेटरबरोबरच डब्यात ठेवलं आहे. कोपर नसलं तरी बगल झिजते, आणि तिथे घालायला हाच रंग लागणार.